वीतभर पाण्याचा दाब

मराठी साहित्यातली हृदये मोजायला बसलो तर आयुष्य पुरायचे नाही. फुप्फुसे मात्र हाताच्या बोटांवर मोजता यावीत. हृदय द्रवते, भरून येते, विदीर्ण होते, दगडाचे होते. ते कुणाला देता येते, कुणाचे चोरताही येते. फुप्फुसाच्या वाट्याला यांतले एकही क्रियापद आलेले नाही. श्वासाची गोष्ट निराळी. दम लागतो, दम निघतो, दम खाता येतो आणि भरताही येतो. उसासा, सुस्कारा आणि नि:श्वास यांच्यावाचून तर आपल्या जुन्या कादंबऱ्यांचे एकही प्रकरण पार पडत नाही. पण ज्या अवयवात हा सारा व्यवहार चालतो त्याचे नाव 'फुप्फुस' लिहावे की 'फुफ्फुस', याबाबतही आपल्यात एकवाक्यता नाही. ज्याच्याकडे लक्ष जात नाही त्याचे शुद्धलेखनही ठरत नाही, असे म्हणावेसे वाटते.

हा पक्षपात साहित्यापुरता असता तर सोडून देता आला असता. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसविले, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या हृदयाचे ठोके मोजले. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले आणि न्यूमोनियाने गेले. शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती खचविली होती. हृदय चालत होते, फुप्फुसे हरली. पुढे अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रियेची कथा टाका घालून संपते असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिचा अवघड उत्तरार्ध तेथून सुरू होतो, आणि त्या उत्तरार्धाचा नायक बहुधा फुप्फुस असते.

हा विषय आमच्या अभ्यासाचा नव्हे. आम्ही परभणीस मराठी शिकवितो. काही वर्षांपूर्वी आमच्या मामींच्या हृदयाची मायट्रल झडप बदलावी लागली, आणि मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर मामांसोबत आम्हांस तीन दिवस बसावे लागले. तेथे जे ऐकले आणि नंतर जे वाचून घेतले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे. त्यात साहित्य शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांच्या कामाचे काही आहे, अशी आमची समजूत आहे.

मामी जिंतूर तालुक्यातल्या. लहानपणी घसा दुखला, ताप आला, गुडघे सुजले, बरे वाटले. कोणी लक्ष दिले नाही. संधिवाती ताप या नावाचा हा आजार गरिबीची आणि दाटीच्या घरांची पाठ सोडीत नाही. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच हृदयावर वार करते, आणि त्या वाराचे व्रण पंधरा-वीस वर्षांनी झडपेवर दिसू लागतात. झडप आखडते, रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबते. आणि मागे असतात फुप्फुसे. म्हणून हृदयाचा हा रोग प्रथम श्वासातून बोलतो. कापूस वेचताना मामींना धाप लागू लागली तेव्हा घरात कोणी 'हृदय' हा शब्द उच्चारला नव्हता. "अंगात रक्त नाही" एवढेच निदान सर्वांनी मिळून केले होते.

अशी आधीच भिजून जड झालेली फुप्फुसे घेऊन रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. तेथे छातीचे मधले हाड करवतीने उभे कापतात. मग रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरविले जाते. १९५३ साली परभणीने वयाच्या चाळिशीतल्या बी. रघुनाथांना गमावले, त्याच वर्षी ६ मे रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हे हृदय-फुप्फुस यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. यंत्र चालू असते तोवर हृदय थांबलेले असते आणि फुप्फुसांनाही काम नसते. ती मिटून पडतात. रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरल्याने अंगभर दाह उसळतो आणि वायुकोशांच्या भिंतींतून पाणी झिरपते. पाठीवर निजलेल्या देहात फुप्फुसांचे खालचे भाग, विशेषतः हृदयाच्या ओझ्याखालचा डावा भाग, चिकटून बसतात. झडप नवी बसते, हृदय पुन्हा धडधडू लागते. पण श्वासाची जागा आकसलेली असते. ती किती आकसली आणि कशामुळे, हे मोजण्याचे शास्त्र म्हणजे फुप्फुसाचे यांत्रिकी.

ते समजण्यापूर्वी एक उलटापालट ध्यानी घ्यावी लागते. आपण श्वास घेतो तेव्हा हवा आत ढकलीत नाही. पडदा खाली सरकतो, छाती रुंदावते, आत ओढ निर्माण होते आणि हवा आपणहून येते. व्हेंटिलेटर याच्या नेमके उलट करतो. तो हवा दाबाने आत सारतो. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. छाती बाहेरून ओढणारी 'लोखंडी फुप्फुसे' मोजकीच होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा आत दाबण्याची युक्ती वापरली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, त्या पिशव्या हाताने दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ तेथे आहे. पिशवी दाबणाऱ्या हाताला पलीकडचे फुप्फुस कळते: आज ते सहज भरते आहे की ओल्या गोणीसारखे जड झाले आहे, हे तळव्यालाच समजते. पुढे यंत्र आले आणि त्या तळव्याच्या जागी आकडे आले.

हे आकडे कसे येतात ते आम्हांस तेथल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखविले. समजा, यंत्राने ३२० मिलिलिटर हवा आत दिली. हवा वाहत असताना नळीतला दाब चढत चढत २९ सेंटीमीटर पाण्यापर्यंत गेला. आता श्वास पुरा आत गेल्यावर, बाहेर सोडण्यापूर्वी, यंत्राला क्षणभर थांबवावयाचे. वाहणे थांबताच दाब २९ वरून उतरतो आणि २१ वर स्थिरावतो. ही उतरण महत्त्वाची. हवा वाहत होती तोवर दोन अडचणी एकत्र मोजल्या जात होत्या, नळ्यांतून वाट काढण्याची आणि फुप्फुस फुगविण्याची. वाहणे थांबले की वाटेची अडचण गळून पडते आणि फुप्फुसाची तेवढी उरते. म्हणजे आठ सेंटीमीटर वाटेचे, २१ फुप्फुसाचे. श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटू नयेत म्हणून यंत्र पाच सेंटीमीटर दाब आत राखते. ते वजा केले की उरले १६. तीनशे वीस भागिले सोळा, वीस. एक सेंटीमीटर पाण्याच्या दाबाला फक्त वीस मिलिलिटर हवा. यंत्रावरच्या निरोगी प्रौढ फुप्फुसासाठी हा आकडा पन्नास ते शंभर धरतात. मामींसारख्या लहान चणीच्या बाईसाठी थोडा कमी धरला तरी वीस हा आकडा आखडलेल्या फुप्फुसाचाच.

डॉक्टर हे सांगत असताना मामा शांत ऐकत होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांच्या गल्लीत पूर्वी लोहाराचा भाता होता. ते म्हणाले, "साहेब, म्हंजे भात्याचं कातडं वाळलंय का नळी बुजली, येवढंच बघायचं ना?" डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काका, एवढंच. कातडं वाळलंय. नळी ठीक आहे." नळी बुजली असेल तर कफ खेचून काढावा लागतो, नळ्या रुंदावणारे औषध द्यावे लागते, कातडे वाळले असेल तर अंगातले पाणी उतरवावे लागते, मिटलेले भाग उघडावे लागतात. दोन्ही अवस्थांत रुग्णाची छाती सारखीच कष्टाने हलते. बाहेरून पाहणाऱ्याला भेद दिसत नाही. तो दिसतो तो क्षणभराच्या थांबण्यात.

आम्ही वर्गात यती शिकवितो. ओळीत अमुक अक्षरांनंतर थांबावे, एवढे सांगून पुढे जातो. थांबल्याने अर्थाचा कोणता भाग प्रवाहाचा होता आणि कोणता आशयाचा, हे वेगळे होते, हे सांगायचे राहूनच जाते. 'ही कविता अवघड आहे' असे विद्यार्थी म्हणतो तेव्हाही हाच प्रश्न असतो: शब्दांची वाट अरुंद आहे, की कवितेचे अंतरंगच सहजी न उलगडणारे आहे? पहिल्या अडचणीवर शब्दार्थ हे औषध आहे, दुसऱ्या अडचणीवर नाही. आपण बहुधा दोन्हींवर एकच औषध देतो.

आता त्या 'सेंटीमीटर पाण्या'विषयी. दाब मोजण्यासाठी जगात अनेक एकके आहेत. श्वासासाठी मात्र वैद्यकाने पाण्याच्या स्तंभाची उंची ठेवून घेतली. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी उंचीने मोजण्याचे नवल नाही. येलदरीत किती मीटर, विहिरीत किती परस, हे आमच्याकडे पावसाळाभर बोलले जाते. पण ही उंची किती लहान आहे, हे समजल्यावर आम्ही चकित झालो. निवांत बसलेला माणूस श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब बदलतो तो जेमतेम दोन बोटे पाण्याइतका. मामींच्या फुप्फुसाला एकवीस सेंटीमीटर लागत होते, म्हणजे जवळजवळ वीतभर. आणि तीस सेंटीमीटरच्या वर हा स्थिर दाब जाऊ देऊ नये असा आजचा दंडक आहे. दोन बोटे आणि दीड वीत, एवढ्या अंतरात माणसाचे सारे सुख आणि सारा धोका सामावलेला आहे.

धोका कोणता, याचे उत्तर वैद्यकाला उशिरा मिळाले. यंत्राने मोठमोठे श्वास द्यावेत, म्हणजे रक्तात प्राणवायू चांगला राहतो, अशी पूर्वी रीत होती. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने तीव्र फुप्फुस-इजा झालेल्या ८६१ रुग्णांत दोन रीती ताडून पाहिल्या. अपेक्षित वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के, तर ६ मिलिलिटर दिलेल्यांत ३१ टक्के निघाले. आखडलेल्या फुप्फुसात उघडी जागा थोडी उरलेली असते. मोठा श्वास तेवढ्याच जागेत कोंबला जातो आणि धड राहिलेला भागही ताणाने बिघडतो. तो अभ्यास हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचा नव्हता, पण धडा तेथवर पोहोचला.

यातला 'अपेक्षित वजन' हा शब्द महत्त्वाचा आहे. ते काट्यावरचे वजन नव्हे. ते उंचीवरून काढतात, कारण अंगावर मांस चढले म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. स्त्रियांसाठी सूत्र असे: १५२.४ सेंटीमीटर उंचीला साडेपंचेचाळीस किलो, आणि पुढे-मागे प्रत्येक सेंटीमीटरला ०.९१ किलो अधिक किंवा उणे. मामींची उंची कोणत्याच कागदावर नव्हती. शिधापत्रिकेवर नाव, शासकीय आरोग्य योजनेच्या अर्जावर वय, तपासणीच्या चिठ्ठीवर वजन. उंची कोठेच नाही. शेवटी परिचारिकेने टेप आणून निजलेल्या मामींना टाळूपासून टाचेपर्यंत मोजले: १४७ सेंटीमीटर. हिशेबाने साडेचाळीस किलो. म्हणून ३२० मिलिलिटर, किलोमागे सुमारे आठ. कोणी अंदाजाने 'एका बाईला पाचशे' असे धरले असते तर किलोमागे बारांहून अधिक झाले असते. बुटक्या आणि स्थूल बायकांना या अंदाजाचा फटका अधिक बसतो, असे हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या अभ्यासांत दिसले आहे. ज्या बाईचे माप जन्मभर कोणी घेतले नाही, तिचा श्वास शेवटी त्या मापावर अवलंबून राहिला.

भाषेकडे वळू. वीस मिलिलिटर दर सेंटीमीटर, या गुणोत्तराला इंग्रजीत 'कॉम्प्लायन्स' म्हणतात. मराठीत त्याचे काय करावे? 'लवचिकता' हा शब्द पटकन सुचतो, आणि नेमका तोच फसवतो. लवचिक वस्तू ताणल्यावर मूळ आकाराकडे परतते. फुप्फुसाची ही परतण्याची ओढ वाढली की ते फुगेनासे होते, म्हणजे कॉम्प्लायन्स घटतो. 'अनुपालन' म्हणावे तर फुप्फुस शासननिर्णयाचे पालन करीत आहे असे वाटते. 'प्रसरणशीलता' बरोबर आहे, पण मामांना तो शब्द सांगावा लागला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि कळले काहीच नसते. "फुप्फुस आखडलंय" हे मात्र त्यांना कळले, आणि ते शास्त्राच्याही विरुद्ध नाही. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी कधीतरी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून पाहावे, एवढेच आम्ही सुचवितो.

कारण त्या बाकावर जे बोलले जाते ते भीतिदायक असते. "व्हेंटिलेटरवर ठेवलं म्हंजे संपलं", "मशीन चालू ठेवून बिल वाढवतेत", ही वाक्ये आम्ही तीन दिवसांत अनेक तोंडून ऐकली. २०२० नंतर व्हेंटिलेटर हा शब्द वाडी-तांड्यांवर पोहोचला तो मृत्यूचा सोबती म्हणूनच. मामांनीही दुसऱ्या रात्री आम्हांस विचारले, "छाती हालती ती तिची हालती का मशीनची?" यापेक्षा नेमका प्रश्न आम्ही अलीकडे ऐकलेला नाही. उत्तर होते: सध्या मशीनची, पण मशीनला किती जोर लावावा लागतो, ते तिचे. हे उत्तर त्यांना आकड्यासकट मिळाले, म्हणून ते त्या रात्री झोपू शकले. शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाला 'सिरियस आहे' एवढाच शब्द मिळाला होता. ती माणसे रात्रभर जागी होती. दोघांच्या रुग्णांत फरक किती होता आम्हांस ठाऊक नाही. नातेवाइकांच्या रात्रीत होता तो केवळ भाषेचा होता.

या मोजणीची एक अट आहे. ती चालू असताना रुग्णाने स्वतः श्वास घेण्याची धडपड करता कामा नये. नाहीतर यंत्राचा दाब आणि रुग्णाची ओढ एकमेकांत मिसळतात आणि आकडा खोटा पडतो. म्हणजे रुग्ण जितका गुंगीत, तितके माप खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थिर दाब पंधरावर आला: तीनशे वीस भागिले दहा, बत्तीस. लघवीवाटे पाणी उतरले होते, मिटलेले भाग उघडू लागले होते. दुपारी पुन्हा मोजायला गेले तेव्हा पडद्यावरची रेघ थरथरली, स्थिर राहीना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता माप बिघडतंय. चांगलं झालं. त्या स्वतः ओढायला लागल्यात." चांगल्या मोजणीचा शेवट मोजता न येण्यात व्हावा, हे आम्हांस फार मोलाचे वाटले. समीक्षेच्या ज्या पद्धतींना कवितेने तोंड उघडल्यावर राग येतो, त्यांनी याचा विचार करावा.

नि:श्वासाचे सांगायचे राहिले. कादंबरीतली नायिका दुःखाने सुस्कारा टाकते, असे आपण मानतो. शरीरशास्त्र म्हणते की निरोगी माणूस सुखात असो वा दुःखात, दर पाच-सहा मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेतो, नेहमीच्या सुमारे दुप्पट. आणि त्याने मिटू लागलेले वायुकोश पुन्हा उघडतात. १९६३ साली हेन्रिक बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की भूल दिलेल्या रुग्णाला यंत्राने एकसारखे, एकाच मापाचे श्वास देत राहिले तर रक्तातला प्राणवायू हळूहळू घसरतो, आणि मधूनच मोठा फुगवा दिला की सावरतो. म्हणजे नियमितपणाच फुप्फुसाला मिटवतो. अधूनमधून मात्रा मोडावी लागते. उसासा हा दुःखाचा अलंकार नसून जगण्याची डागडुजी आहे. दुःखी माणूस अधिक उसासे टाकतो, ते कदाचित त्याला डागडुजीची गरज अधिक असते म्हणून.

नळी निघाल्यावर मामींना तीन चेंडूंचे ते छोटे प्लॅस्टिकचे यंत्र मिळाले. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे आणि जमेल तितका वेळ धरून ठेवायचे. पहिले दोन दिवस एकच चेंडू हलत असे. "पाचपर्यंत मोजा" असे व्यायाम शिकविणारी मुलगी सांगे, आणि मामींचे मोजणे भलतेच भरभर होई. मग त्यांनी मोजणे सोडून मनात ओवीची एक ओळ धरायला सुरुवात केली. ओळ संपेतो चेंडू खाली येऊ द्यायचा नाही. जनाबाईंचे गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले. जात्याचा खुंटा धरून दळणाऱ्या बाईच्या दमाला बेतलेली ती ओळ आहे. कष्टातल्या श्वासाचे माप तिच्यात आधीपासूनच आहे. छंदःशास्त्राच्या पुस्तकांत ओवीची अक्षरे मोजून दिलेली असतात आणि ती अनियमित निघतात, म्हणून अभ्यासक हळहळतात. अक्षरे अनियमित असणारच. दोन बायकांची फुप्फुसे सारखी नसतात.

घरी परतल्यावर आम्ही पदव्युत्तर वर्गाला एक स्वाध्याय दिला: भूलतज्ज्ञाने कागदावर मांडलेला तो हिशेब, एकही आकडा न गाळता, मामांना कळेल अशा मराठीत लिहावा. अठ्ठावीस उत्तरे आली. सतरांत 'लवचिकता' होती. तिघांनी भाता लिहिला, तोही कुणी न सांगता. एका विद्यार्थिनीने फवारणीचा पंप घेतला: नोझल बुजला तर दांडा जड, आणि आतला रबर कडक झाला तरी दांडा जड, हाताला दोन्ही सारखेच लागते, म्हणून क्षणभर थांबून पाहावे. तिचे वडील पाथरीकडे कापूस पिकवतात. ते उत्तर आम्ही मामांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "ह्या पोरीला दवाखान्यात बसवा."